पहिल्यांदा फ्लायबोर्डवर: रेस दुसऱ्याच्या हातात, तोल आपल्या पायात

या आठवड्याच्या व्हिडिओत तुम्ही मला गोव्याच्या समुद्रात पालथं पडताना पाहिलं असेल. तुम्ही भरपूर हसलात, हरकत नाही. पण व्हिडिओत वेळ कमी होता आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिली. त्या दहा मिनिटांमुळे माझं दहा लाखांचं कर्ज थांबलं. ते कसं, हे आज नीट लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी पार्श्वभूमी

माझं भांड्यांचं दुकान चौसाळ्यात, हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्या भागातला धंदा वर्षभर सारखा चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला माणसं गेली की गावं निम्मी रिकामी होतात. पाडव्याच्या सुमाराला ती परत येतात, लग्नसराई सुरू होते, आंदणाची भांडी निघतात आणि आपला गल्ला हलतो. जानेवारी मात्र थंड. म्हणून जानेवारीतच मेहुण्यांच्या कुटुंबासोबत गोव्याला निघालो. सोलापूर, मिरज, आंबोली घाट असा गाडीने प्रवास.

निघताना माझ्या बॅगेत एक फाइल होती. बीडला दुसरं दुकान टाकायचं, दहा लाख कर्ज काढायचं, आल्या आल्या गाळ्याचं टोकन द्यायचं, असं सगळं ठरलेलं. घरून विरोध नव्हता, पण सौ.नी एकदाच विचारलं होतं, "तिथलं गिऱ्हाईक कसं आहे, ते कधी बघितलं का?" मी म्हणालो, "गिऱ्हाईक सगळीकडं सारखंच असतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

फ्लायबोर्ड म्हणजे नक्की काय?

जेट स्की म्हणजे पाण्यावरची स्कूटर. ती खालून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते, त्या धक्क्यानं पुढं पळते. फ्लायबोर्डमध्ये मागच्या तोंडाला एक लांब जाड पाइप जोडतात. पाइपाचं दुसरं टोक तुमच्या पायाखालच्या फळीला. फळीवर बूट घट्ट बसवलेले असतात, त्यात पाय अडकवायचे. पाणी फळीखालच्या तोंडांतून खाली जोरात सुटतं आणि तुम्ही वर उचलले जाता. बागेला पाणी देताना पाइप हातातून सुटला की कसा उसळतो? तेच तत्त्व, फक्त जोर कितीतरी पट.

हे बनवलं फ्रान्सच्या फ्रँकी झपाटा यांनी, 2011 साली. ते मुळात जेट स्कीच्या शर्यतीतले खेळाडू. म्हणजे आपल्याला जे यंत्र सगळ्यात चांगलं कळतं, त्यातूनच नवा धंदा काढला. आपल्या चॅनेलचं जुनंच वाक्य आहे हे, पण उदाहरण परदेशी निघालं.

आता महत्त्वाचं. नवशिक्याच्या हातात रेस नसते. जेट स्कीवर प्रशिक्षक बसलेला असतो आणि पाणी किती जोरात सोडायचं, तुम्हाला किती वर न्यायचं, हे तो ठरवतो. तुमचं काम एकच, तोल सांभाळणं. मुरलेल्या खेळाडूंना हातातल्या रिमोटनं स्वतः रेस देण्याची सोय असते. पण ते नंतरचं.

माझी दहा मिनिटं

मी पोहायला शिकलो आमच्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधलेला, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावर चुलत्यांच्या हातात. त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. समुद्राचा मात्र अनुभव शून्य.

प्रशिक्षक सिंधुदुर्गातला तरुण होता, म्हणून मराठीत बोलणं झालं. त्यानं आधी काठावर समजावलं: "दादा, गुडघे ताठ ठेवायचे. खाली बघायचं नाही, समोर बघायचं. तोल गेला तर हातपाय झाडायचे नाहीत, सरळ पाण्यात जायचं. आणि पडायचं ते जेट स्कीपासून लांब." लाइफ जॅकेट, हेल्मेट, बूट सगळं घट्ट आवळलं आणि मी पाण्यात.

सुरुवातीला पोटावर आडवं राहायचं. त्यानं थोडी रेस दिली, मी पाण्यावर सरपटलो. मग हळूहळू पाय खाली घ्यायचे आणि उभं राहायचं. पहिल्यांदा उभा राहिलो आणि लगेच गुडघे वाकले. तीन सेकंदांत पाण्यात. आपल्याला सवय असते ना, तोल गेला की गुडघे वाकवायची? इथं ते उलटं पडतं. गुडघा वाकला की पायाखालची धार तिरकी होते आणि तीच तुम्हाला बाजूला फेकते.

दुसऱ्यांदा कमरेत वाकलो, पडलो. तिसऱ्यांदा काठावर सौ. मोबाइल धरून काय करतायत ते बघायला गेलो, पडलो. चौथ्यांदा जमलं. पाण्यापासून जेमतेम हातभर वर, पण उभा! वीसेक सेकंद टिकलो असेन.

आणि इथं माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी ओरडलो, "अजून वर घ्या!"

तो म्हणाला, "दादा, अजून दोनदा इथंच उभे राहा, मग नेतो." मी म्हणालो, "पैसे दिलेत, वर घ्या." गिऱ्हाईकच ते, ऐकतंय कुठं? त्यानं रेस वाढवली. अंदाजे दहा फूट वर गेलो असेन. वर गेल्यावर पहिली गोष्ट काय केली? खाली बघितलं. गुडघे वाकले, आणि व्हिडिओत दिसलं ते झालं. पोटावर सपाट. छाती अशी चुरचुरली की मिनिटभर बोलता आलं नाही.

तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "खालच्या उंचीवर जी चूक करत होतात, तीच वर केलीत. तिथं लागलं नाही, इथं लागलं."

फाइल पुन्हा उघडली

त्या रात्री मी फाइल काढली. छाती दुखत होती, झोप येत नव्हती. बीडचं दुकान म्हणजे मी स्वतःच मागितलेली रेस होती. आणि ही माझी पहिली वेळ नव्हती.

2016 चा उन्हाळा आठवतो ना? मराठवाड्यात दुष्काळ, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. माझं दुकान तेव्हा नवीन होतं. पाणी साठवायचे बॅरल आणि टाक्या हातोहात गेल्या. मला वाटलं, आपल्याला धंदा कळला. आणखी मोठा माल उधारीवर उचलला. सप्टेंबरात धो धो पाऊस झाला आणि बॅरल माझ्याच गोदामात राहिले. तो पैसा मोकळा व्हायला दीड वर्ष लागलं. चूक बॅरल विकण्यात नव्हती. एका उन्हाळ्याच्या विक्रीला मी तोल समजलो, ही चूक होती.

आता बीडचा हिशोब बघा. तुम्हीही तुमचे आकडे घालून करा.

समजा कर्ज 10 लाख, व्याज वर्षाला 11 टक्के, मुदत 5 वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण 21,750 रुपये. भाडं 15,000, दोन कामगार 18,000, वीज आणि किरकोळ 3,000. एकूण जवळपास 57,750. भांड्यांत सरासरी नफा 20 टक्के धरला, तर नुसता खर्च भागवायला महिन्याला सुमारे 2 लाख 89 हजारांची विक्री हवी. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज साडेनऊ हजारांच्या वर. आणि हे पहिल्या महिन्यापासून, गिऱ्हाईक ओळखीचं व्हायच्या आधीपासून.

दुसरा पर्याय असा. अर्धा गाळा, फक्त तीन महिने, लग्नसराईपुरता. भाडं 6,000, एक मुलगा 9,000, वाहतूक 3,000. एकूण 18,000. माल चौसाळ्याच्या दुकानातलाच. खर्च भागवायला महिन्याला 90,000 ची विक्री, रोज 3,000. एकही वस्तू विकली नाही, तरी तीन महिन्यांत जास्तीत जास्त 54,000 जातील. लागेल, पण हाड मोडणार नाही.

मी टोकन दिलं नाही. अर्धा गाळा घेतला.

मग काय झालं?

खरं सांगतो, फार मोठा विजय झाला नाही. दोन महिने खर्च निघून थोडं उरलं, एक महिना तोट्यात गेला. पण मी काय शिकलो ते ऐका. चौसाळ्यात गिऱ्हाईक आंदणाचा पूर्ण संच घेतं, हंड्यापासून चमच्यापर्यंत. बीडच्या त्या रस्त्यावर संच विचारायला फार थोडे आले. तिथं एक तवा, एक डबा, एक बाटली असं सुटं विकलं गेलं. वस्तू बदलून मिळेल का, हा पहिला प्रश्न. माझ्या फाइलमधल्या दहा लाखांतले सहा लाख कशाचे होते? आंदणाच्या संचांचे. सौ.चा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक होतं.

दुसरं दुकान अजून सुरू केलेलं नाही. पुढच्या लग्नसराईला पुन्हा अर्धा गाळा, या वेळी सुटा माल. दोन हंगाम ताठ उभा राहिलो की मग वरचं बघू.

कर्जाच्या योजनेतही हेच आहे

एप्रिल 2015 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान मुद्रा योजनेतले गट बघा. शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर त्यापुढे 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. 2024 च्या अर्थसंकल्पात तरुण प्लस आला, 20 लाखांपर्यंत. पण तो कुणाला? ज्यानं आधीचं तरुण गटातलं कर्ज घेऊन नीट फेडलंय त्याला. म्हणजे खालच्या उंचीवर उभे राहून दाखवा, मग रेस वाढेल. आपल्याकडं मात्र मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, जास्तीत जास्त किती मिळेल?" प्रश्न बदला. "कमीत कमी कितीत मला शिकता येईल?" असं विचारा.

आणि इंधन संपलं तर?

झपाटा यांचा पुढचा किस्साही कामाचा आहे. त्यांनी नंतर पाइप नसलेलं, पाठीवरच्या इंधनावर उडणारं यंत्र बनवलं. 25 जुलै 2019 रोजी ते त्यावरून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाले. पाठीवरचं इंधन दहा-एक मिनिटंच पुरायचं, म्हणून मध्ये बोटीवर उतरून भरायचं होतं. तिथं उतरतानाच ते समुद्रात पडले. दहा दिवसांनी, 4 ऑगस्टला, इंधन भरायला आधीपेक्षा मोठी बोट ठेवली आणि खाडी पार केली, 22-23 मिनिटांत. धंद्यात ही मधली बोट म्हणजे खेळतं भांडवल. दुकान उघडायला पैसे असतात, पण चौथ्या महिन्याचा माल भरायला नसतात. बहुतेक जण तिथंच पडतात.

तुम्ही जाणार असाल तर

गोव्यात पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, ऑक्टोबर ते मे बघा. पाठीचं दुखणं, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर करू नका. दारू पिऊन तर मुळीच नाही. किनाऱ्यावर कुणी फार स्वस्त सांगितलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: पाणी किती खोल आहे, हेल्मेट-जॅकेट देता का, जेट स्कीवर कोण बसणार? उत्तर टाळलं तर पुढं चला. आणि उभे राहिलात की "अजून वर" म्हणू नका.

गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा.

1. माझ्या धंद्याची "हातभर उंची" कोणती? म्हणजे कमीत कमी किती पैशांत आणि किती दिवसांत मला खरं गिऱ्हाईक बघता येईल?

2. सगळं फसलं तर जास्तीत जास्त किती रुपये जातील? तो आकडा घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

3. माझी रेस कुणाच्या हातात आहे? "अजून थांब" म्हणणारं एक तरी माणूस हवं. माझ्या विहिरीच्या काठावर चुलते होते, समुद्रात तो प्रशिक्षक होता, घरी सौ. आहेत. तुमचं माणूस कोण, त्याचं नाव लिहा आणि आजच त्याला फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गुडघे ताठ!