आजीला ऐकू येतं, पण कळत नाही

"आजीला हवं तेवढंच ऐकू येतं!" असं वर्गात मुलं हमखास सांगतात. खरं तर आपणही घरी हेच म्हणतो. पण ही लबाडी नसते. वयानुसार आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी मरतात व पुन्हा तयार होत नाहीत. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात, स्वर मात्र पोहोचतात. मग 'सात' की 'हात', कळत नाही. नातवंडांचा आवाज तर मुळातच बारीक! आजी अंदाजाने उत्तर देते, ते चुकतं, आणि घरचे म्हणतात, "विसरायला लागली." हळूहळू ती बोलायचीच बंद होते.

ओरडून फारसा उपयोग नाही. त्याने स्वरच मोठे होतात. टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे. कानात मळ साठलाय का ते डॉक्टरांकडून आधी पाहून घ्यावे, मग श्रवणचाचणी. श्रवणयंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत ते कपाटात जाऊ देऊ नका.

वर्गात करून पाहा: मुलांना कानांवर तळवे दाबायला सांगा, मागून हळू 'सात, हात, भात, पात' म्हणा, मग लिहायला लावा. चुकलेल्या मुलाला कोणी हसलं, की आजीचा विषय काढा.