पाण्याचा जिना : लॉक, बोटीची लिफ्ट आणि आपली खाडी

पनामा कालवा शिकवताना आपण फळ्यावर ‘लॉक’ हा शब्द लिहितो. जहाजं २६ मीटर वर चढतात आणि पुन्हा खाली उतरतात, एवढं सांगून पुढे जातो. मुलं ते पाठही करतात. पण सहज विचारून बघा, ‘जहाज वर चढवतं कोण?’ बहुतेक मुलं मोटार, पंप नाहीतर क्रेन असं उत्तर देतात. यातलं काहीच लागत नाही, ही या पाठातली खरी गंमत आहे आणि नेमकी तीच निसटून जाते.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुलांसाठी सुरुवात घराजवळून करता येते. कल्याणजवळ मोहन्याला उल्हास नदीवर बंधारा आहे. त्याच्या वर गोडं पाणी, खाली खाडीचा अंमल. आता खाडीतून आलेली मोठी होडी बंधाऱ्याच्या वर बदलापूरच्या दिशेने न्यायची आहे, कशी न्याल? दोन मिनिटं मुलांना भांडू द्या. कोणी उतार बांधेल, कोणी दोर लावेल. मग लॉकची कल्पना मांडा.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद. होडी खालून येते तेव्हा हौदातलं पाणी खालच्या पातळीला असतं. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा. मग वरच्या दरवाजातली किंवा भिंतीतली छोटी झडप उघडायची. वरचं पाणी आपणहून आत येतं, हौद भरतो, होडी तरंगत वर येते. दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचा दरवाजा उघडायचा आणि पुढे निघायचं. उतरताना हेच उलट. माणसाने फक्त झडप फिरवायची आणि दरवाजा ढकलायचा.

दरवाजापाशी थोडं थांबा. दोन पाखं सरळ रेषेत मिटत नाहीत. ती जास्त पाण्याच्या बाजूला टोक करून, इंग्रजी ‘व्ही’सारखी मिटतात. त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना एकमेकांवर घट्ट बसवतो. पातळीत वीतभर फरक असला तरी माणसांना तो दरवाजा उघडत नाही आणि पातळी सारखी झाली की दोन माणसं तो सहज ढकलतात. ज्या मुलाला हे कळलं त्याला लॉक कळलं, असं मी खुशाल समजते.

दोन दरवाजांच्या लॉकची नोंद चीनमध्ये इ. स. ९८४ सालची आहे. पण त्याचं जाळं पाहायचं तर इंग्लंडचे कालवे पाहावेत. रेल्वे येण्याआधी तिथे कोळसा, मीठ, मातीची भांडी कालव्यांतून जात आणि होडी काठावरचा घोडा ओढत असे. डोंगर आडवा आला की लॉकचा जिना. यॉर्कशरमधल्या बिंगलीला १७७४ मध्ये पाच लॉक एकाला एक जोडून बांधले. एकाचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा. तिथे होडी सुमारे १८ मीटर चढते. डिव्हायझेसजवळच्या केन हिलवर तर ३ किलोमीटरच्या आसपास अंतरात २९ लॉक आहेत आणि चढ ७२ मीटर. तुमच्या इमारतीचा एक मजला ३ मीटरचा धरला तर हे किती मजले झाले, ते मुलांनाच काढू द्या.

आता हिशेबाची बाजू. पंप नाही म्हणजे सगळं फुकट का? मुळीच नाही. अरुंद इंग्रजी लॉक साधारण २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि पातळीतला फरक २.४ मीटर धरा. गुणाकार केला की सुमारे ११० घनमीटर, म्हणजे १ लाख १० हजार लिटर येतात. एक होडी गेली की एवढं पाणी वरून खाली गेलं. आपल्या सोसायट्यांत उन्हाळ्यात १० हजार लिटरचा टँकर येतो, त्या मापाने हे अकरा टँकर झाले. टँकरची वाट पाहिलेल्या मुलांना हा आकडा लगेच भिडतो, त्यासाठी वेगळी प्रस्तावना लागत नाही. म्हणूनच कालव्याच्या सर्वांत उंच भागाला पाणी पुरवायला तलाव बांधावे लागले, आणि केन हिलवर १९९६ मध्ये खालचं पाणी परत वर नेणारे पंप बसवले.

पाणी वाचवून होडी चढवायची युक्ती चेशर परगण्यातल्या अँडरटनला आहे. तिथे वर कालवा, खाली वीव्हर नदी आणि मध्ये सुमारे १५ मीटरचा फरक. आसपास मिठाचा धंदा. पूर्वी मीठ घसरणीवरून खाली नदीतल्या होड्यांत सोडत. १८७५ मध्ये तिथे एडविन क्लार्कच्या आराखड्यानुसार बोटींची लिफ्ट सुरू झाली. पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या टाक्या, प्रत्येकीखाली एक दट्ट्या, दोन्ही दट्ट्यांची नळकांडी नळाने जोडलेली. एक टाकी खाली आली की दुसरी वर. वरच्या टाकीत सुमारे १५ सेंटीमीटर पाणी जास्त ठेवायचं, तेवढ्या वजनाने ती उतरू लागते. शेवटच्या टप्प्याला वाफेच्या इंजिनाची थोडी मदत लागे. पुढे खराब पाण्याने दट्ट्ये झिजले आणि १९०८ मध्ये लिफ्ट विजेवर आली. १९८३ मध्ये ती बंद पडली, २००२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली.

इथे मुलं एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो फार चांगला आहे : एका टाकीत भरलेली होडी, दुसरीत नुसतं पाणी, तर तोल जात नाही का? उत्तर स्वयंपाकघरात आहे. पातेलं काठोकाठ भरून डिजिटल काट्यावर वजन घ्या. मग ते काट्यावरून उतरवा, मूठभर राजमा घातलेली स्टीलची वाटी त्यात अलगद तरंगत सोडा. पाणी सांडेल. पातेलं बाहेरून पुसा आणि वाटीसकट पुन्हा वजन करा. चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे, वजन तेच! तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजचं तत्त्व सातदा लिहून काढण्यापेक्षा हे एकदा करावं.

मग आपल्याकडे खाडीत लॉक का नाहीत? कारण भरतीच होडी उचलते. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर, कान्हेरीच्या लेखांत तिथल्या दात्यांची नावं आहेत. तिथली गलबतं भरतीबरोबर आत येत, ओहोटीबरोबर बाहेर पडत. खर्च पाण्याचा नव्हता, वेळेचा होता. थांबावं लागे. मुंबईचे प्रिन्सेस डॉक (१८८०) आणि व्हिक्टोरिया डॉक (१८८८) यांनाही भरतीची वेळ गाठावी लागे. १९१४ च्या अलेक्झांड्रा डॉकला, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकला, लॉक बांधलं आणि जहाजं कोणत्याही वेळी आत घेता येऊ लागली. ते २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद आहे. आपल्या लोकलचे दहा डबे एकामागे एक त्यात मावतील. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. चार मीटर धरून त्या लॉकचे टँकर मुलांनी काढावेत. उत्तर अठ्ठावीसशेच्या जवळ यायला हवं. पण ते समुद्राचं पाणी, त्याचं बिल येत नाही.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सांगा : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. कालनिर्णय घरात असतंच. कल्याणपर्यंत भरती चढायला आणखी वेळ लागतो. किती, ते मोठ्या माणसाला बरोबर घेऊन मुलांनी दुर्गाडीच्या पुलावरून दोन-तीन दिवस पाहावं आणि वहीत लिहावं.

आणि मोहन्याचा वाद? २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे. तेव्हा बंधाऱ्यात लॉक बांधावं का, यावर वर्गाचे दोन गट करा. दरवेळी गोड्या पाण्याचा एक हौद खाली जाणार, खालचा दरवाजा उघडला की खारं पाणी आत शिरणार आणि ते वरच्या दरवाजापर्यंत पोचणार. वर शहराचं पिण्याचं पाणी आहे. होडीवाल्यांच्या गटाला याचं उत्तर शोधायला एक आठवडा द्या.