याकोब सात वेळा का नमला?
(बालशिबिरातील एका आठवड्याचे चिंतन)



मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या चर्चच्या सभागृहात मुलांचे बायबल शिबिर भरले. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते बारा. आमची दोन्ही मुले त्यात होती. मदतीला पालक हवेत असे मिस्साच्या शेवटी जाहीर झाले, तेव्हा आम्ही पतीपत्नीनेही नाव दिले. काम साधेच होते: सरबत वाटायचे, चपला रांगेत लावायच्या, रडणाऱ्यांना समजवायचे. शिकायचे ते मुलांनी, असे आम्हांला वाटत होते.

अशा शिबिरांना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. 1898 साली न्यू यॉर्कच्या ईस्ट साइड भागात हॉज नावाच्या एका बाप्टिस्ट बाईंनी, सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब मुलांसाठी चक्क एक मद्यालय भाड्याने घेऊन बायबलची शाळा चालवली. पुढे ही कल्पना अनेक देशांत आणि अनेक ख्रिस्ती पंथांत पसरली. गाणी, खेळ, हस्तकला आणि बायबलमधली गोष्ट हा साचा आजही तोच आहे.

या वर्षीची गोष्ट होती याकोब आणि एसाव यांची. सिस्टरांनी ती रोज थोडी थोडी सांगितली. याकोबाने आधी भुकेल्या भावाकडून ज्येष्ठपणाचा हक्क घेतला, मग आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद घेतला (उत्पत्ती 25 व 27). एसाव जिवावर उठला, म्हणून याकोब मामाकडे पळाला. तेथे वीस वर्षे गेली. परतताना कळले, की एसाव 400 माणसे घेऊन समोरून येत आहे.

शुक्रवारी या गोष्टीची नाटिका व्हायची होती. चिठ्ठ्या टाकून भूमिका ठरल्या. आमचा आठ वर्षांचा मुलगा याकोब झाला आणि एसावाची चिठ्ठी निघाली त्याच्या चुलत भावाची.

येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. वाडीतल्या विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवरून आमचे आणि मोठ्या भावाचे चार वर्षे बोलणे नव्हते. दोन्ही घरे रविवारी एकाच मिस्साला यायची, पण वेगवेगळ्या बाजूंच्या बाकांवर बसायची. एकमेकांना शांती द्या असे फादर म्हणाले, की आम्ही मागच्या बाकाकडे वळायचो.

बुधवारी रात्री जेवताना मुलाने विचारले, "पप्पा, याकोब सात वेळा का नमतो? एसाव मोठा म्हणून, की चूक याकोबाची म्हणून?" आम्ही म्हणालो, "चूक याकोबाची होती." त्याने थोडा विचार केला. "मग त्या वाटेवर कुंपण कोणी घातलं?"

कुंपण आम्हीच घातले होते. कागद आमच्या बाजूचे आहेत असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. पण भावाची म्हातारी सासू त्याच वाटेने पाण्याला जायची आणि आता तिला लांबून वळसा पडतो, हे आम्हांला ठाऊक होते.

त्या रात्री आम्ही उत्पत्तीचे 32 व 33 हे अध्याय काढून वाचले. तीन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली: याकोबाने नुसते शब्द पाठवले नाहीत. शेळ्या, मेंढ्या, सांडणी, गाई, गाढवे अशी पाचशेहून जास्त जनावरे त्याने पुढे धाडली. जे भावाचे हिरावले, त्याची काही भरपाई पदरमोड करून केली.

दुसरी: तो भीत होता, तरी गेला. आदल्या रात्री देवाच्या दूताशी झुंजून तो लंगडा झाला होता. लंगडत जाऊन तो नमला. आणि ज्याची त्याला भीती वाटत होती, तो एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघेही रडले.

तिसरी: यानंतर दोघे भाऊ एकत्र राहिले नाहीत. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. पण बाप इसहाक वारला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली (उत्पत्ती 35). समेट म्हणजे सगळे प्रश्न सुटणे नव्हे. वैर संपणे म्हणजे समेट.

वेदीपुढे अर्पण आणताना भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय 5:23-24). चूक कोणाची हे आधी ठरवा, असे तो म्हणत नाही.

गुरुवारी सकाळी शिबिराला निघण्याआधी आम्ही वाटेवरचे कुंपण काढले. निरोप पाठवला नाही. शुक्रवारी नाटिकेत पुतण्या एवढ्या जोरात धावत आला, की याकोब आणि एसाव दोघेही आडवे झाले. सभागृह हसले. पलीकडच्या खुर्च्यांवर भाऊ आणि वहिनीही हसत होते. आमची नजरानजर झाली, आणि या वेळी कोणी मान फिरवली नाही.

रविवारी मिस्सानंतर भाऊ जवळ आला आणि एवढेच म्हणाला, "उद्या आंबे उतरवायचे आहेत. पोरांना पाठवा."

जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे. ती होईल तशी होईल. वाट मात्र उघडी आहे.

कुटुंबात चिंतनासाठी:
1. मिस्सात शांती देताना आपण कोणाकडे वळायचे टाळतो?
2. आपल्या घरच्या भांडणाविषयी मुलांना काय काय कळते?
3. नुसत्या शब्दांपलीकडे आपण भरपाई म्हणून काय देऊ शकतो?

प्रार्थना: हे प्रभो, लंगडत का होईना, पण भावाच्या दाराशी जाण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.