क्लच पायडल मऊ पडलंय? आधी ऑइल बघा

ज्यांच्याकडे माल बाजारात न्यायला जुनी पिकअप, जीप आहे आणि क्लच केबलऐवजी ऑइलवर चालतो, त्यांच्यासाठी आजचा मेसेज.

पायडल मऊ लागतं, गिअर टाकताना कर्रर वाजतं, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. लगेच गिअरबॉक्स उतरवू नका, खर्च फुकट जाईल. प्लेट घासली असेल तर लक्षण उलटं असतं: चढाला इंजिन रेस घेतं, गाडी ओढत नाही.

पायडल चार-पाच वेळा पंप करा. कडक झालं तर बहुतेक लाइनीत हवा आहे. ऑइल कमी असेल तर गळती शोधाच, नुसतं भरून भागत नाही. चाकाला दगड लावून गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरचं रबर सरकवून बघा. ओलं दिसलं तर तिथेच गळतंय. कुठेच ओल नाही, तरी दाबून धरलेलं पायडल हळूहळू खाली बसतंय? मग वरच्या मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं समजा.

दुरुस्तीनंतर हवा काढायला दोघं लागतात. एकाने पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल ढिलं करून लगेच आवळायचं, मगच पायडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकी रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून!

झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइलच घाला. इंजिन ऑइलने रबर फुगतात. आणि हो, काही गाड्यांत क्लच-ब्रेकची टाकी एकच असते. तिथे पातळी उतरत असेल तर माल भरून घाटात जाऊच नका.