वेफर्स घेताना: तेल कोणतं, किलोला पडतात किती?

अंथुर्ण्यात वेफर्स घ्यायचे तर गावातलं किराणा दुकान, बारामती-इंदापूर रस्त्यावरची टपरी, नाहीतर बारामतीला गेल्यावर समोर तळून देणारं दुकान. कुठूनही घ्या, पण शंभर ग्रॅम बटाटा वेफर्समध्ये साधारण 35 ग्रॅम तेल असतं. त्यामुळे चवीआधी चौकशी तेलाची करा.

पाकीट उलटं करा. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिलं नाव बटाट्याचं असेल तर ते वेफर्स. मक्याचं किंवा तांदळाचं पीठ पहिलं असेल, तर समोरच्या बाजूला बटाट्याचं चित्र कितीही मोठं असो, तुम्ही पिठाचे पैसे देताय. तेलाच्या जागी नुसतं ‘खाद्य वनस्पती तेल’ चालत नाही, तेलाचं नाव लागतं. बहुतेक पाकिटांवर ते पामोलिन असतं, कारण ते स्वस्त पडतं आणि तळणीत टिकतं. लेज अमेरिकेत सूर्यफूल, मका, कॅनोला अशा तेलांत तळलं जातं, इथे मुख्यतः पामोलिनमध्ये. सूर्यफूल तेल मिसळून पाहण्याचे प्रयोग कंपनीने सुरू केल्याच्या बातम्या 2024 मध्ये आल्या होत्या.

पामोलिनमध्ये सॅच्युरेटेड फॅट 40 टक्क्यांच्या वर, शेंगदाणा तेलात 20 च्या आसपास, सूर्यफुलात 10 ते 12, करडईत त्याहून थोडं कमी. खोबरेलात तळलेल्या केळ्याच्या वेफर्सना लोक उगाच पौष्टिक समजतात. खोबरेलात हा आकडा 90 च्या जवळ जातो. आणि तेल बदललं म्हणून कॅलरी घटत नाहीत. शंभर ग्रॅम वेफर्समागे त्या पाचशेच्या वरच राहतात.

‘कोलेस्टेरॉल नाही’ या छापील वाक्याला एक रुपयाही जास्त देऊ नका. वनस्पती तेलात ते नसतंच. तेलातल्या ट्रान्स फॅटवरही 2022 पासून 2 टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, ती कुणा कंपनीची मेहेरबानी नाही. मिठाचा हिशेब सोडियमवरून करा: आकड्याला अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. उपवासाला मसाला वेफर्स नेत असाल तर कांदा-लसणाची पूड आहे का ते वाचा.

आता पैसे. 20 रुपयांच्या पाकिटावर समजा 48 ग्रॅम लिहिलंय, तर किलोला 417 रुपये झाले. पाच रुपयांच्या पाकिटात 11 ग्रॅम असतील तर 455. एमआरपीशेजारी प्रतिग्रॅम दर छापलेला असतो, तोच ताडून पाहा. पाकिटाच्या फुगीरपणावर जाऊ नका, आत हवाच असते. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी लावला तर द्यायचा नाही. उन्हात टांगलेली माळ तारीख शिल्लक असली तरी टाळा, तेल लवकर खवट होतं.

सुटे घेताना फसगत जास्त. ‘शेंगदाणा तेलातले आहेत’ असं सांगून किलोमागे शंभर-दीडशे जास्त मागतात. हिशेब करा: किलोभर वेफर्समध्ये साडेतीनशे ग्रॅम तेल. दोन तेलांच्या भावात किलोला 60 रुपयांचा फरक धरला, तर वेफर्सच्या किलोमागे वाढ होते 21 रुपयांची. तळणीतली नासाडी धरूनही शंभर होत नाहीत. उलट भाव पामोलिनइतकाच असेल, तर डबा दाखवा म्हणा. कढईतलं तेल काळपट, फेसाळ दिसलं किंवा धूर घशाला लागला तर परत फिरा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून द्यायला मनाई आहे, साधी कागदी पिशवी मागा.

बिल घ्याच. त्यावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक लागतो. माल खराब निघाला तर बिल, पाकीट आणि फोटो जपून ठेवा. पाकीट फेकलं तर बॅच क्रमांक गेला. फोन करा: अन्न व औषध प्रशासन 1800222365, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तपासणी स्वतः फी भरूनही करून घेता येते, मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. अहवालात दोष निघाला तर फी परत मिळते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.