डोळ्यातली जाळी तुंबते म्हणजे काय?

प्रश्न : आईला काचबिंदू आहे. ‘आतली जाळी तुंबली आहे’ असं डॉक्टर म्हणाले. पण तिच्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं! मग तुंबलंय काय?

उत्तर : गालावर ओघळतात ते अश्रू, त्यांचा या जाळीशी संबंध नाही. डोळ्याच्या आत वेगळाच द्रव तयार होत असतो, मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलिटर, म्हणजे वीसेक मिनिटांत एक थेंब. कॉर्निया आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जिथे भेटतात, त्या कोनात ही जाळी असते; तिच्यातूनच हा द्रव बाहेर पडतो.

सूक्ष्मदर्शकाखाली ती चहाच्या गाळणीसारखी अजिबात दिसत नाही. आधी दोरखंडासारखे धागे आणि ऐसपैस भोकं. पुढे भोकं पडलेले पातळ पत्रे, थरावर थर. त्यांच्यावरच्या पेशी वाहत आलेला कचरा चक्क गिळतात. खरी अडचण शेवटच्या, काही मायक्रॉनच्या थरात. तिथे पत्रे नाहीत, नुसत्या जेलीसारख्या पदार्थात विखुरलेल्या पेशी. द्रवाला सर्वाधिक विरोध तिथे आणि त्याला लागून असलेल्या कालव्याच्या भिंतीत होतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्लेम यांनी 1830 मध्ये वर्णिलेला हाच तो कालवा. त्याच्या भिंतीतल्या पेशी दाबाने फुग्यासारख्या फुगतात, त्यांना सूक्ष्म छिद्रं पडतात आणि द्रव पलीकडे जाऊन शेवटी रक्तात मिसळतो.

वयानुसार जाळीतल्या पेशी घटतात, गाळ साचतो, दाब वाढतो. आईचे औषधाचे थेंब चुकवू नका. आणि हो, तुम्हा भावंडांचीही तपासणी करून घ्या.