मला आधी का नाही सांगितलं?

माझी सगळी नोकरी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, तीही गुणवत्ता विभागात गेली. या विभागातल्या माणसाला बाकीचे फारसे जवळ करत नाहीत. तो दिसला की काहीतरी बिघडलेलंच असतं. पण त्यामुळे बिघाडाचा माग काढत मागे मागे जायची सवय लागते. असा माग काढत शेवटच्या टोकाला पोचलो की तिथे बिघडलेलं यंत्र क्वचितच सापडायचं. बहुतेक वेळा तिथे एक माणूस असायचा. गोष्ट त्याला वेळेवर कळलेली असायची आणि त्याने ती वर सांगितलेली नसायची. मग वरच्या साहेबांचा प्रश्न ठरलेला: "मला आधी का नाही सांगितलं?"

हा प्रश्न सर्वांत कळवळून विचारताना मी ज्यांना ऐकलं, ते आमचे एक प्लांट मॅनेजर. माणूस वाईट मुळीच नव्हता, हे आधी सांगायला हवं. सकाळच्या शिफ्टच्या आधी हजर, पैशाच्या बाबतीत निर्मळ, कामगाराच्या घरी दुखणं आलं तर स्वतःच्या खिशातून मदत करणारा. मात्र अडचण सांगायला कोणी आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. ते पहिला प्रश्न विचारायचे, "तेव्हा तू काय करत होतास?" आणि तो विचारायचे सकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. एका ऑपरेटरने रात्री फोन करून उठवलं म्हणून दुसऱ्या दिवशी त्याची अशी हजेरी घेतली गेली की पुढे तिसऱ्या शिफ्टमधून त्यांना फोन जाणंच बंद झालं. साहेबांना वाटलं, रात्रपाळी आता शिस्तीत चालते आहे.

मग तो लॉट गेला. एका हाउसिंगचा बोअर करायचं काम होतं. इन्सर्ट झिजला की बोअर बारीक येऊ लागतो. प्लग गेजचा 'गो' बाजूचा भाग जॉबमध्ये अलगद जायला हवा, तो त्या रात्री अडकायला लागला. ऑपरेटरला हे पहिल्या काही नगांतच कळलं. सेटर रजेवर होता. नवे इन्सर्ट टूल स्टोअरमध्ये कुलपाआड, आणि कुलूप उघडायला साहेबांची परवानगी लागे. म्हणजे मध्यरात्री फोन करणं आलं. त्याने फोन केला नाही. अंगठ्याने गेज दाबून आत बसवलं आणि काम पुढे रेटलं. सकाळी मालाची गाडी भरली.

दोन दिवसांनी ग्राहक कंपनीच्या लाइनवर बेअरिंग बसेना. त्यांची लाइन थांबली, थांबलेल्या वेळाचा खर्च डेबिट नोट होऊन आमच्याकडे आला, आणि आम्ही गुणवत्तावाले गेज घेऊन त्यांच्या गोदामात उभं राहून एकेक नग तपासत बसलो. त्यात रागापेक्षा कंटाळा जास्त होता. शेजारी तोच ऑपरेटर नग पुसून देत होता. मी सहज विचारलं, तेव्हा म्हणाला, "साहेब, सांगितलं असतं तर माल वाचला असता, मी नसतो वाचलो."

तो अर्थातच सुटला नाही. त्याला निलंबित केलं गेलं. आणि त्यातून बाकीच्यांनी कोणता धडा घेतला असेल? पुढच्या वेळी गेज रजिस्टरमध्ये बरोबर लिहायचं.

साहेब लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, आमच्याकडे असं नाही, आमचं दार सदैव उघडं असतं. दार उघडं असेल. पण त्या दारापर्यंत शॉपफ्लोअरवरून चालत येणं, काचेतून दहा जणांनी बघणं, आत साहेबांची नजर मोबाइलवर असताना उभं राहणं, हे सगळं येणाऱ्याने करायचं असतं. आपल्या घरांतही वेगळं काय होतं? मुलाचे मार्क कमी आले, दुधाच्या पिशवीवरून शेजाऱ्यांशी वाजलं, भावाने पैसे उसने नेले, की आई हळूच म्हणते, "बाबांना आत्ता नको सांगूस." त्या घरातल्या बाबांना सगळं शेवटी कळतं, आणि तेही बाहेरच्याकडून. ते घरात सर्वांत जास्त राबत असतात, त्यांच्यावर सगळ्यांचं प्रेमही असतं. तरी बातमी त्यांना वळसा घालून जाते.

या दुखण्यावरचा सर्वांत शहाणा उपाय मला एमबीएच्या पुस्तकात मिळाला नाही. तो मी आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात पाहिला. मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी समाजआरती होते. रथापुढच्या २७ आणि रथामागच्या साऱ्या दिंड्या तळावर येतात, पालखीभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप उंचावतो आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. शांत होत नाही ती फक्त एखादी दिंडी, जिची काही तक्रार आहे. चालताना क्रम मोडला गेला, उतरायला जागा मिळाली नाही, काहीही असो. ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार त्यांच्याकडे चालत जातो, म्हणणं ऐकून घेतो, ते सोहळ्याच्या प्रमुखांपर्यंत पोचवतो, निवाडा होतो. मग टाळ थांबतात. हरवल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेले, फौजेची मांडणी जाणणारे गृहस्थ. त्या शिस्तीत हुकमाइतकीच जागा तक्रारीला आहे, याकडे व्यवस्थापनाची भाषणं देणाऱ्यांचं लक्ष फारसं जात नाही. ते वारीतली गर्दी मोजतात आणि वक्तशीरपणाचं कौतुक करून थांबतात.

त्या आरतीत तीन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. तक्रार असलेल्याने कुठे जायचं नसतं, चोपदार त्याच्याकडे जातो. ती एकट्याने कानात सांगायची नसते, सगळी दिंडी उघडपणे टाळ वाजवते, त्यामुळे चहाडी आणि तक्रार यांत गल्लत होत नाही. आणि तक्रार ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. माणसं दिवसभर चालून दमलेली असतात, पोटात भूक असते, तरी थांबतात.

आमच्या कारखान्यात नंतर टोयोटाच्या धर्तीवर अँडन बसवलं होतं. लाइनवर अडचण दिसली की कामगाराने दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं, दिवा लागतो. टोयोटात दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच थांबते. म्हणजे दोरी ओढणं ही तिथे रोजची गोष्ट आहे, त्यात अघटित काही नाही. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एका पोराने बटण दाबलं, तर त्याच्याभोवती पाच साहेब जमले आणि पाचही जण एकदम बोलायला लागले. त्यानंतर तो दिवा हिरवाच राहिला. पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवला जायचा.

तेव्हा नव्याने मॅनेजर झालेल्या मंडळींना मी एवढंच सांगतो, वाईट बातमी आल्यावरचा पहिला अर्धा मिनिट सांभाळा. त्या अर्ध्या मिनिटात विचारायचा प्रश्न एकच: "माल आत्ता कुठे आहे?" किंवा तुमच्या धंद्यात त्याचं जे रूप असेल ते. पैसे गेले का? पेशंट कसा आहे? कागद पुढे गेला का? कोणी केलं, का केलं, हे सगळं विचारायचंच आहे, पण माल थांबवल्यावर, आणि बैठकीत नाही. ज्याने येऊन सांगितलं त्याच्या देखत आधी नुकसान थांबवायचा फोन लावा. बाकीचे बघत असतात. तुम्ही काय बोललात हे ते विसरतील, पण तो माणूस तुमच्याकडून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, हे कँटीनमध्ये तासाभरात पोचतं.

"सगळं ठीक ना?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला "हो साहेब" एवढंच उत्तर आहे. "आज काय अडलं?" विचारलं तर माणूस निदान आठवायला लागतो. शिफ्ट बदलताना मशीनपाशी उभं राहून विचारा, केबिनमध्ये बोलावून नाही. त्याने काही सांगितलं, तर दोन दिवसांनी पुन्हा त्याच्याकडे जाऊन त्याचं काय झालं ते कळवा. जमलं नसेल तर जमलं नाही म्हणून सांगा. हे शेवटचं फार थोडे साहेब करतात, आणि न केल्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होतं. सांगूनही काही होत नाही म्हटल्यावर भीती नसलेला माणूससुद्धा गप्प बसतो.

मधल्या फळीचा प्रश्न याहून अवघड. तुम्ही कितीही शांत असा, तुमचा सुपरवायझर म्हणणारच, "मी बघतो, साहेबांपर्यंत नको." २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितलं होतं की एवढ्या थंडीत जोडातल्या रबरी कड्या धोक्याच्या आहेत, उड्डाण नको. चर्चा फिरली, त्यांच्याच वरिष्ठांनी अखेर होकार दिला. चौकशी आयोगाला आढळलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना त्या सुरुवातीच्या विरोधाची माहितीच नव्हती. खाली माहीत होतं, वर माहीत नव्हतं, आणि मध्ये सगळी शिकलेली, जबाबदार माणसं बसली होती.

म्हणून सुपरवायझरला डावलून खाली बोलायचं नाही, पण त्याला आधी सांगून ठेवायचं: मी तुझ्या माणसांशी बोलणार, आणि जे कळेल ते सर्वांत आधी तुझ्याच कानावर घालणार. हा शब्द पाळला तर तोही हळूहळू अडवणं सोडतो. त्याच्याही डोक्यावर तुमच्या चेहऱ्याचीच भीती असते.

आता धोका दुसऱ्या बाजूचा. कान उघडे ठेवले की चहाड्या येतात. संध्याकाळी केबिनमध्ये येऊन आवाज खाली करून बोलणारा प्रत्येक कचेरीत एक तरी असतोच. मी एक पद्धत ठेवली होती. कामाबद्दल काही असेल तर ऐकायचं. माणसाबद्दल असेल तर लगेच म्हणायचं, "थांब, त्यालाही बोलावतो, मग बोलू." बहुतेकांना तेव्हा काहीतरी दुसरं काम आठवायचं. आणि निष्काळजीपणाला शिक्षा करू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. गेज न लावताच आकडा लिहिणाऱ्याची गय करू नका. पण चूक सांगायला आलेला आणि चूक लपवणारा यांना एकच शिक्षा मिळत असेल, तर उद्यापासून सगळेच लपवतील, आणि त्यांचं गणित चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. आठवडाभर तुमच्याकडे एकही अडचण आली नाही, तर खूश होऊ नका. शॉपवरचा रिजेक्शनचा लाल डबा स्वतः उपडा करा, त्यातले नग मोजा आणि रजिस्टरमधल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला नाही, तर कोणालाही न रागावता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.